सडा सरेपर्यंत सरळ

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी बागेत ग्रुपची बैठक झाली. नऊजण आले. गेल्या वर्षी बावीस होतो.

विषय एकच, समुद्राची राइड ठेवायची की बंद करायची. दर जानेवारीत निगडीहून निघून सायकलने समुद्र गाठायचा, ही आमच्या ग्रुपची एकमेव मोठी गोष्ट. बाकी वर्षभर आम्ही देहूपर्यंत जाऊन मिसळ खातो आणि परत येतो. गेल्या जानेवारीत हायवेवर एका ट्रकचा आरसा प्रितमच्या हँडलला लागला. तो पडला, कोपर खरचटलं, उठून हसला. राइड तिथेच थांबली, आणि मग एकेकाच्या घरून नकार यायला लागला.

प्रितम आमचा प्रमुख. छत्तीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, सायकल अशी की बोटावर उचलावी. तोच म्हणाला, "बंद करू. उगाच कुणाच्या जिवाशी खेळ नको."

मी म्हणाले, "हायवे सोडून रस्ता मिळाला तर?"

"असा रस्ता नाही, योगिनीताई. असता तर लोक गेले नसते का?"

चिमाजीकाका मागे शेंगा खात बसले होते. मावळातले, एकसष्ट वर्षांचे, फोर्जिंग शॉपमधून रिटायर झालेले. सायकल काळी, लोखंडी, बिनगिअरची. ते म्हणाले, "रस्ते लय हायेत रं. इचारनारं कुनी न्हाई."

मग ठरलं ते असं. रस्ता मी शोधायचा. जानेवारीत एकदा जाऊन बघायचं. हायवेवर चाक घालायचं नाही, आणि सोबतच्या टेम्पोत कुणी बसायचं नाही. सगळे स्वतःच्या सायकलसह पोचले तर राइड राहील. एकजण जरी टेम्पोत चढला तरी राइड कायमची बंद. राइड बंद म्हणजे वर्षभरात ग्रुपही बंद, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

घरी नवऱ्याला, नवनाथला, सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. तुला काहीतरी काम मिळालं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवनाथचं ते वाक्य दोन दिवस टोचतंय, म्हणून लिहून टाकते. तो वाईट बोलला नाही. खरं बोलला, म्हणून टोचलं.

चाकणच्या कंपनीत मी एकोणीस वर्षं ट्रान्सपोर्ट डेस्क सांभाळला. तीन शिफ्ट, एकतीस बस, चारशेच्या आसपास पिकअप पॉइंट. कुठली बस कुठल्या चौकात किती वाजून किती मिनिटांनी थांबेल हे मी ठरवायचे. कुठे शाळा सुटते, कुठे रेल्वेचं फाटक पडतं, कांद्याच्या बाजाराच्या दिवशी चाकणचा कुठला चौक टाळायचा, हे सगळं डोक्यात. जूनमध्ये ॲप आलं. तीन आठवड्यांत त्याने माझं काम उचललं. मला केक कापून निरोप दिला. साहेब म्हणाले, "मॅडम, आता आराम करा." पंचेचाळिसाव्या वर्षी!

खरी भीती ही आहे की मला जे येत होतं ते कंपनीच्या गेटबाहेर कशाच्याच उपयोगाचं नाही. राइड पार पडली तर ही भीती खोटी. नाही पडली तर काय, ते आज लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कागदावर रस्ता उभा राहिला. निगडी, रावेत, हिंजवडी, घोटावडे, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव. तिथे मुक्काम. माणगावात हायवे फक्त ओलांडायचा. पुढे मोर्बा, म्हसळा, बागमांडला, फेरीबोटीने खाडीपलीकडे वेसवी. तिथून गावरस्त्याने कांदळशेत. कांदळशेत हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या गिरजाबाईंचं माहेर, अगदी समुद्रावर. तिथे राहायची सोय त्या भावाला सांगून करणार आहेत.

प्रितमला फोनवर वाचून दाखवलं. त्याला कौतुक नाही. प्रश्नच प्रश्न. "ताम्हिणीत ट्रक किती असतात? दहाचाकी की लहान? वळणावर मागून येणारी गाडी किती लांबून दिसते? रस्त्याला कडेची पट्टी आहे का?"

मी म्हणाले, "प्रितम, मी रस्ता शोधतेय, ट्रक मोजत नाहीये."

तो म्हणाला, "मोजलेत तर बरं होईल."

खुसपटं काढायची सवय काही जणांची जात नाही. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, कंपनीत असते तर मी ट्रक मोजलेच असते. पाहिल्याशिवाय शीटवर पॉइंट लिहायचा नाही, हा माझाच नियम.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भाजी घेताना प्रितमचे वडील भेटले. किसनकाका पूर्वी आमच्याच कंपनीच्या बसने जायचे. म्हणाले, "प्रितमनं बाईक विकली, ताई. हापिसला सिटी बसनं जातो. अर्धा तास आधी निघतो, पन बसनंच. आन बसायचं ते मधल्या सीटवर, खिडकी नको म्हनतो."

पगार वाढले की माणसं आळशी होतात. अशा माणसाला घाट कसा झेपणार, ही नवी काळजी.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल गुरुवार, म्हणजे भोसरीत सुट्टी. नवनाथ तिथे एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. त्याची मोटरसायकल घेऊन आम्ही दोघं रस्ता बघायला गेलो.

ताम्हिणी उतरलं की विळ्याला एमआयडीसी आहे, आणि ट्रक तिथेच. घाटाच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीवर मी एक ते साडेचार बसून राहिले. वही मांडीवर, घड्याळ समोर.

नवनाथ म्हणाला, "लग्नानंतर फिरायला नेलं नाही म्हणून आता एमआयडीसी दाखवतेस होय?"

"चहा घे आणि ट्रक मोज. तू वर जाणारे, मी खाली येणारे."

"आणि बस?"

"बस मला ऐकू येतात."

त्याला चेष्टा वाटली, पण खरंच येतात. शिफ्टची बस रिकामी धावते तेव्हा खिडक्या वाजतात, भरलेली गप्प जाते. दोन वाजल्यापासून भरलेल्या बस आत गेल्या. सव्वातीनपासून भरलेल्या बाहेर पडल्या. त्याच वेळात ट्रकही बाहेर निघाले, कारण गेटवरची माणसं शिफ्ट बदलायच्या आत पावत्या उरकतात. तीन पस्तीसला सगळं थांबलं. पुढच्या पाऊण तासात चार ट्रक आले, तेवढेच. एवढा मोकळा रस्ता की मधोमध एक कुत्रं येऊन झोपलं.

म्हणजे रस्ता बदलायची गरज नव्हती. विळे एकतर पावणेदोनच्या आत ओलांडायचं, नाहीतर तीन पस्तीसनंतर. ॲपला हे कुणी विचारलं नसतं.

आज सकाळी बागमांडल्याच्या जेटीपर्यंत गेलो आणि तिथूनच मागे फिरलो, कारण नवनाथची आज सेकंड शिफ्ट. खाडीपलीकडचे शेवटचे अठरा किलोमीटर बघायचे राहिले.

राइड गुरुवार-शुक्रवार, ८ आणि ९ जानेवारीला ठेवते. फिरायला जाणाऱ्यांच्या गाड्या नसतील, आणि आमच्यातल्या कारखानेवाल्यांची एक रजा वाचेल.

१४ डिसेंबर, रविवार

सरावाला लोणावळ्यापर्यंत जुन्या रस्त्याने. मांड्या दुखतात. बाकी काही नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

गिरजाबाईंकडे वही घेऊन बसले. त्यांना निगडीत चाळीस वर्षं झाली, पण माहेरचा रस्ता बोटावर. नकाशात वेसवीहून कांदळशेतला मोठा रस्ता दिसतो, पण त्यावर जांभा दगडाचे, म्हणजे चिऱ्यांचे, ट्रक असतात असं त्यांच्या भावाने कळवलं. गिरजाबाई म्हणतात तो जुना रस्ता नकाशात तुटक तुटक आहे.

"वेसवीतनं घाटी चढलीस ना गो, की सडा लागेल. सडा सोडू नको. सरळ जा. सडा सरला की डावीकडं उतर. खाली कांदळशेत."

"सडा घरांपुढचा?"

"घरं हायत की. धाकटी वाडी हाय वर, पाच-सा घरं. पण सडा मोठा हाय."

"म्हणजे सगळ्यांच्या दारात सडा."

"सगळ्यांच्या दारात सडाच, दुसरं काय असणार?" असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. कोकणातल्या बायका हौशी, सगळ्या वाडीत दारापुढे पाणी शिंपडून सडा घालत असणार. ओळखायला खूण छान आहे.

शीटवर लिहिलं: "चढ संपल्यावर वाडी. दारापुढे सडा घातलेली घरं. ती संपली की डावीकडे उतार."

स्वतः न पाहिलेला पॉइंट मी पहिल्यांदाच लिहिला. शाई वाळेपर्यंत पेन हातात धरून बसले होते.

७ जानेवारी २०२६, बुधवार

सातजण येणार. मी, प्रितम, चिमाजीकाका, श्रद्धा आणि एकाच कंपनीतले, एकमेकांना भाऊ-भाऊ म्हणणारे तिघे मित्र, ज्यांना सगळे मिळून "तिघाडा" म्हणतात. श्रद्धा हॉस्पिटलात नर्स आहे, अठ्ठावीस वर्षांची, बोलायला थांबत नाही. नवनाथ रजा टाकून मित्राचा टेम्पो चालवणार. टेम्पोत पाणी, ट्यूब, केळी. माणसं नाहीत.

शीटच्या प्रती काढल्या. प्रितमने ती दोनदा वाचली आणि घडी करून छातीच्या खिशात ठेवली. म्हणाला, "विळ्याची वेळ नक्की ना?"

"मी बघून आले आहे."

"ठीक."

एवढंच. एक चांगला शब्द बोलला असता तर याचं काय गेलं असतं?

८ जानेवारी, गुरुवार. माणगाव

पहाटे पाचला निघालो. हिंजवडी झोपलेली. पौडपर्यंत थंडीने बोटं वाकत नव्हती. मुळशीचं पाणी उजव्या हाताला आलं तेव्हा ऊन पडलं, आणि श्रद्धा गायला लागली. तिघाड्याने तिला विनंती केली की गाऊ नकोस, श्वास वाचव. ती म्हणाली, "माझा वाचतो रे भावांनो, तुमचं बघा."

मग दोन पंक्चर झाली. दोन्ही तिघाड्याची, एकामागोमाग. चाळीस मिनिटं गेली.

घाटात प्रितम तीन वेळा उतरून कडेला उभा राहिला. दर वेळी म्हणाला, ब्रेक तपासतोय. दर वेळी मागून एखादा ट्रक येत होता, तो गेल्यावर हा निघायचा. इतकी महागडी सायकल आणि ब्रेकची ही कथा. चिमाजीकाकांच्या काळ्या सायकलचे ब्रेक त्यांनी स्वतःच्या चपलेच्या रबराने बसवलेत आणि ते एकदाही उतरले नाहीत. चिमाजीकाका दर वेळी त्याच्याजवळ थांबायचे आणि पाणी प्यायचे. एवढं पाणी त्यांना कशाला लागतं कोण जाणे.

घाट उतरून टपरीपाशी आलो तेव्हा एक पंचावन्न झाले होते. पावणेदोनची वेळ हुकली होती.

तिघाड्यातला एकजण म्हणाला, "ताई, दहा मिनिटांनी काय होतंय? काढू या रपकन."

मी शीट काढली. "तीन पस्तीसला निघायचं. तोवर इथे."

"दीड तास? पाय आखडतील!"

मला वाटलं, आता प्रितम त्यांची बाजू घेणार. प्रमुख तो आहे. त्याने हेल्मेट काढून बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई म्हणतात तसं. लागलं तर तीन चाळीसला निघू."

दीड तास आम्ही बाकावर आणि मातीत बसून होतो. भरलेल्या बस आत गेल्या, भरलेल्या बाहेर आल्या. ट्रक एकामागे एक असे गेले की टपरीच्या बरण्या थरथरल्या. तिघाड्याने पाय रस्त्यापासून आत ओढून घेतले. श्रद्धा म्हणाली, "आपण आत्ता यांच्या मधे असतो, नाही का?" प्रितमने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडी अजून गेली नसावी त्याची.

तीन बत्तीसला शेवटचा ट्रक. तीन पस्तीसला रस्ता रिकामा.

टपरीवाल्या गोजाबाई बाहेर येऊन रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "हे कसं काय ठरवलंस गं बाई? बटन दाबल्यावानी!"

निजामपूरपर्यंत आम्ही रस्त्यावर पसरून चाललो. दोन्ही बाजूंना भातखाचरांची वाळलेली बुडखं, कडेला वाल पेरलेला, एका वाडीत बायका मडक्यात वालाच्या शेंगा भरून पोपटी भाजायला लावत होत्या. त्यांनी हाका मारल्या. ट्रक येतोय का म्हणून आमच्यातला एकजणही मागे वळून बघत नव्हता. एकोणीस वर्षं माझ्या वेळापत्रकावर माणसं कामाला गेली. आज पहिल्यांदा मी स्वतः त्यावर बसून गेले. हे वाक्य जरा जास्त झालं, पण आज राहू दे.

९ जानेवारी, शुक्रवार. कांदळशेत

सगळं क्रमाने लिहिते.

सहाला माणगाव सोडलं. हायवे हातात सायकली धरून ओलांडला, वीस पावलं. मोर्बा, म्हसळा. चढ-उतार असे की मोजणं सोडून दिलं. प्रत्येक उतारावर एक गाव, प्रत्येक गावात विहीर, कौलारू शाळा, आणि "कुठून आलात?" निगडी सांगितलं तर कळेना. चिमाजीकाका सांगायचे, "गाड्या बनत्यात ना तुमच्या? तिकडून." मग कळायचं.

एक वाजता फेरीबोट मिळाली. वेसवीला नवनाथ टेम्पो घेऊन मोठ्या रस्त्याने पुढे गेला, कांदळशेतला भेटायचं ठरलं. आम्ही घाटी चढलो. दीड तास. वर आलो तर शीटमध्ये होती तशी वाडी, सहा घरं. आणि खरंच दारापुढे सडा! शेणपाण्याचा, ओला, वर रांगोळी. मी एवढी खूश झाले की शीट हवेत हलवली. वाडी संपली. डावीकडे उतार होता. मी म्हणाले, "इथून."

तीन किलोमीटर सुसाट उतरलो. मग डांबर संपलं, मग खडी संपली, मग एका घराच्या अंगणात रस्ताच संपला.

अंगणात एक आजी सुपारी वाळवत बसल्या होत्या. यशोदाबाई. सात सायकली बघून त्या जराही दचकल्या नाहीत. "कुठं जायचं होतं?"

"कांदळशेत. सडा संपल्यावर डावीकडे, असं सांगितलं होतं."

"मग सडा सोडलात कशाला?"

"सडा संपला ना, आजी. वाडी संपली."

"वाडी संपली, सडा कुठं संपला? सडा अजून दोन कोस हाय वर!"

श्रद्धाला आधी कळलं. "ताई," ती हळूच म्हणाली, "आजी अंगणाचं बोलत नाहीयेत."

यशोदाबाईंनी हात वर करून डोंगराचा माथा दाखवला. काळा, सपाट, झाड नाही, कातळाचं पठार लांबवर गेलेलं. "ह्यो सडा."

मी वर बघत राहिले. कोकणात कातळाच्या पठाराला सडा म्हणतात. गिरजाबाई मला पठार सांगत होत्या आणि मी दारातली रांगोळी लिहून घेत होते.

तिघाड्याने इतकं हसून घेतलं की एकजण अंगणात आडवा झाला. मला हसू येईना. साडेतीन वाजले होते. परत वर चढायचं तर तीन किलोमीटर उभा चढ, मग दोन कोस. आणि वर मधेच चिऱ्यांचा मोठा रस्ता पठारावर येऊन मिळतो, असं यशोदाबाई म्हणाल्या. शुक्रवारी संध्याकाळी ट्रक रांगेने. रेंज नाही. असती तरी नवनाथला बोलावलं म्हणजे संपलं.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. न बघता लिहिलं. तुम्ही म्हणाल ते."

कुणी काही बोलायच्या आत प्रितमने यशोदाबाईंना विचारलं, "खाली जायला काहीच नाही?"

"पाखाडी हाय की."

आता मी शब्द गिळला नाही. "पाखाडी म्हणजे काय, आजी? नीट सांगा."

"पायऱ्या गो. चिऱ्यांच्या. खाली बागंत जातात. तिथनं समुद्राचा रस्ता, तीन किलोमीटर कांदळशेत. पण सायकल कशी जाईल?"

श्रद्धा म्हणाली, "नियमात टेम्पोत बसायचं नाही असं आहे. खांद्यावर घ्यायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

चिमाजीकाकांनी काळ्या सायकलच्या दांड्यावर हात ठेवला. "चाळीस वर्सं हिनं मला वाह्यलं. आज मी हिला. हाय काय त्यात!"

प्रितम तोवर पहिल्या पायरीवर होता, सायकल खांद्यावर.

दोनशे बारा पायऱ्या. चिमाजीकाकांनी मोठ्याने मोजल्या. पायऱ्यांवर वाळलेली पानं, बाजूला काजू, मधे एका वळणावर माकडं आम्हाला बघत बसलेली. प्रितम आपली सायकल खाली ठेवून परत वर आला आणि काकांची लोखंडी सायकल त्याने मागच्या चाकाकडून धरली. काका म्हणाले, "सोड रं, तुझे ब्रेक बघ." तो मोठ्याने हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग परत वर गेला आणि माझीही घेऊन आला. मी म्हणाले, "माझी चूक, मी आणते की." तर म्हणाला, "ताई, तुम्ही आम्हाला वरच्या रस्त्याने नेलं नाहीत. सायकल तर उचलू द्या."

हे त्याने कुठल्या अर्थाने म्हटलं, मला कळलं नाही. टोमणा नसावा.

खाली सुपारीच्या बागा. पाटाचं पाणी. मग अरुंद डांबरी रस्ता, एका बाजूला कुंपणं, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि झाडांमधून आवाज. आधी मला बस वाटली. बस नव्हती.

पाच पन्नासला आम्ही सातजण, सात सायकलींवर, वाळूपर्यंत गेलो. ओळीने. हायवेवर चाक घातलं नाही. टेम्पोत कुणी बसलं नाही. नवनाथ टेम्पोच्या टपावर बसून वाट बघत होता. आम्हाला मोठ्या रस्त्याऐवजी भलत्याच बाजूने येताना बघून त्याने खाली उडी मारली आणि शिट्टी मारली. आख्खं गाव बाहेर आलं. गिरजाबाईंच्या भावाने विचारलं, "सड्यावरनं आलात ना?" तिघाडा परत आडवा झाला.

श्रद्धा कपड्यांसकट पाण्यात गेली. चिमाजीकाकांनी सायकलचं पुढचं चाक लाटेत बुडवलं आणि लगेच चेन पुसायला बसले, मीठ लागेल म्हणून. प्रितम जरा लांब, वाळूत गुडघ्यात डोकं घालून बसला होता. खांदे हलत होते. मी पाणी घेऊन निघाले तर काकांनी अडवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला. बरं वाटतंय त्याला."

दमणूक ती दमणूक. पण तो एवढा दमेल असं वाटलं नव्हतं.

नवनाथ शेजारी येऊन बसला. त्याने माझी शीट मागितली, घामाने विरघळलेली. सगळी वाचली. मग म्हणाला, "काम मिळालं असं म्हणालो होतो ना मी? चुकलं. हे तुझं आधीपासूनचंच आहे."

१० जानेवारी, शनिवार, सकाळ

घाईत लिहितेय.

ठरल्याप्रमाणे सायकली टेम्पोत भरून, माणसं एसटीने, असं परत जायचं होतं. नाश्त्याला घावणे खाल्ले. सहा सायकली भरून झाल्या. सातवी प्रितमची. तो टेम्पोत चढला, आणि आपली ठेवायच्या ऐवजी चिमाजीकाकांची काळी सायकल खाली उतरवली.

नवनाथ म्हणाला, "अरे राव, आत्ता तर बांधली!"

"काका आणि मी सायकलने जातोय."

"घाट चढून?" मी विचारलं.

"घाट चढून. तुम्ही वेळा लिहून दिल्यात तर."

श्रद्धा म्हणाली, मग माझी पण काढ. तिघाडा एकमेकांकडे बघायला लागला, आणि मग दोरच सोडला. नवनाथ कमरेवर हात ठेवून उभा. "म्हणजे मी रिकामा टेम्पो घेऊन तुमच्या मागे? याला तीर्थयात्रा म्हणतात का?"

"केळी घे," मी म्हणाले.

पण शीट तर एकाच दिशेची होती. आज शनिवार, पुण्याकडच्या गाड्या दहापासून ताम्हिणी उतरायला लागतील. म्हणून आज फक्त माणगाव. उद्या रविवार, पाचला निघून आठच्या आत विळे ओलांडायचं आणि खालून येणाऱ्या परतीच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी, साडेअकरापर्यंत, घाटमाथा. सड्यावर सकाळी चिऱ्यांचे ट्रक नसतात का, ते गिरजाबाईंच्या भावाला विचारलं, मग खात्रीसाठी आणखी दोघांना विचारलं. दहापर्यंत नसतात. आज आम्ही खरा सडा बघणार.

क्रम लावत होते. पुढे मी, मग तिघाडा, श्रद्धा, काका. प्रितम खांद्यावरून वाकून कागद बघत होता. म्हणाला, "मला सगळ्यात मागे ठेवा."

"मागे धूळ असते. शिवाय ट्रकचा वारा पहिला तिथेच लागतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच."

चिमाजीकाका चेनला तेल घालता घालता थांबले. एकदा त्याच्याकडे बघितलं आणि परत तेल घालायला लागले. मागे राहण्यात या माणसाला काय मिळतं देव जाणे. पण प्रमुख आहे, आणि मागितलंय तर देऊ.

शीटवर सगळ्यात खाली लिहिलं: शेवटची सायकल, प्रितम.